न्हाणीघरातलं पाणी

क्लेमेन्स वसाहत
रविवार, १२ नोव्हेंबर

साबिना पोरी,

देव पाठीशी असो.

मी फोन उचलत नाही म्हणून तू अखिमकडे तक्रार केलीस म्हणे. नाहीच उचलणार. फोनवर तू एक बोलतेस, मी दोन बोलतो, मग कोणीतरी आपटतं आणि पुढचे पंधरा दिवस अबोल्यात जातात. लिहायला बसलं की आधी चष्मा शोधावा लागतो, मग पेन, तेवढ्यात राग निम्मा होतो. तेव्हा लिही. टपाल अजून चालू आहे.

आता मुद्द्याचं. तुझ्या भट्टीला मी वर्षभर नावं ठेवली, ती परत घेतो. सगळी नाही, थोडी. खाणीतली हवा बाहेर टाकणाऱ्या शाफ्टच्या तोंडाशी तुम्ही तो पत्र्याचा राक्षस आणून बसवलात, तेव्हा मी म्हटलं होतं की माझी भाची शिकली खरी, पण शहाणी झाली नाही. पण या आठवड्यात खाणीवरच्या न्हाणीघरात जे पाणी येतंय, काय सांगू! सगळा जन्म आम्ही कोमट पाण्याने अंगावरचा कोळसा खरवडला. आता थंडाचा नळ सोडल्याशिवाय अंगावर घेववत नाही. न्हाणीघराचा राखणदार रुफिन तर खांद्यावर टॉवेल टाकून असा मिरवतो, जणू चूल त्यानेच पेटवलीय. पोरं म्हणतात, गिंटर, भाचीला सांग, आणखी दोन भट्ट्या पाठव.

अखिमला नव्या भिंतीवर, जिथे आता यंत्राने कोळसा कापतात तिथे, पाळीचा मुकादम केलं. तुझा धाकटा भाऊ आता चाळीस माणसांवर ओरडतो आणि ती ऐकतात. छाती काढून चालतो. तुझा बाप असाच चालायचा.

मागच्या आठवड्यात शनिवारी, चार तारखेला, कबुतरांचं प्रदर्शन होतं. रजा टाकून सबंध दिवस तिकडेच होतो. माझ्या निळ्या मादीला लाल फीत मिळाली. अखिम येणार होता, पण त्याची दुसरी पाळी लागली. तो आला असता तर शेजारच्या खुराड्यातल्या मरतुकड्या पांढऱ्यालाच चांगलं म्हणाला असता, त्याला कबुतरातलं काही कळत नाही.

संत बार्बोराच्या, आम्हा खाणकामगारांच्या सणाला ये. डिसेंबरच्या चार तारखेला सोमवार आहे. लाल कोबी आणि मांसाच्या वळकट्या मी करणार, बटाट्याचे गोळे तू कर, माझ्या गोळ्यांचा लगदा होतो.

तुझा मामा,
गिंटर

ग्लिवित्से
गुरुवार, १६ नोव्हेंबर

मामा,

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं आणि पाण्याच्या ओळींपाशी आले तशी थांबले. फितीचं अभिनंदन नंतर करते. आधी मला सांगा, पाणी एवढं गरम का झालं, हा प्रश्न खाणीतल्या एकालाही पडला नाही? तुम्हालाही नाही? गॅस मोजणं हा तुमचा धंदा आहे!

पुन्हा सांगते, तुम्ही शंभरदा ऐकलंय तरी. शाफ्टमधून वर येणाऱ्या हवेत मिथेन असतो, पण इतका विरळ की काडी लावली तरी पेटत नाही. आजवर तो तसाच आभाळात सोडून दिला. आम्ही एवढंच केलं की वीज करणाऱ्या इंजिनाच्या धुराड्यातून जी उष्णता फुकट जात होती ती धरली, तिने ही हवा तापवली आणि उत्प्रेरकाच्या जाळीदार विटांमधून सोडली. ज्यांना तुम्ही मधमाश्यांचं पोळं म्हणता, त्याच विटा. त्यांच्या अंगाला लागून तो विरळ गॅस ज्योतीशिवाय जळतो. जळताना जी ऊब देतो, ती नळाने तुमच्या न्हाणीघरात येते.

आता विचार करा. इंजिनाची उष्णता रोज तेवढीच. विटा त्याच. हवाही तेवढीच. मग पाणी जास्त कशाने तापेल? गॅसने. दुसरं काही नाही. तुमच्या पायाखाली जितका गॅस जास्त, तितकं तुमचं पाणी गरम. आणि तुमची पोरं खुशीने आणखी भट्ट्या मागतायत!

खालचे सगळे सेन्सर मिळून जेवढा गॅस सांगतात, त्याच्या जवळजवळ दुप्पट माझी भट्टी जाळते आहे. म्हणजे खाली कुठला तरी सेन्सर खोटं बोलतो, किंवा कोणीतरी त्याला खोटं बोलायला लावतंय. सेन्सर तुमच्या ताब्यात असतात. नव्या भिंतीवर माझा भाऊ आहे. माझी झोप उडाली आहे आणि तुम्ही मला बटाट्याच्या गोळ्यांचं सांगताय.

उत्तर लगेच द्या.

साबिना

क्लेमेन्स वसाहत
रविवार, १९ नोव्हेंबर

साबिना,

चष्माही सापडला, पेनही सापडलं, राग तेवढाच आहे.

मी कौतुकाचे दोन शब्द लिहिले, त्याचं हे फळ. मामा चोर. मामाचे सेन्सर खोटे. तू चालायला शिकत होतीस तेव्हापासून मी या खाणीत गॅस मोजतो. तुझ्या बापानंतर तुम्हा दोघांना मी वाढवलं, तेही त्याच पगारावर. आणि तू एका पत्र्याच्या खोक्याच्या जोरावर मला विचारतेस, तुमचा धंदा काय?

ऐक. नव्या भिंतीच्या मागे जुने बंद केलेले भाग आहेत. तिथून गॅस झिरपतो आणि सरळ शाफ्टमध्ये जातो. माझ्या सेन्सरांच्या वाटेवर तो येतच नाही. खाणीच्या साहेबांनीही हेच सांगितलं. तुझ्या भट्टीच्या थर्मामीटरला ताप आला असेल तर त्याला अॅस्पिरिन दे.

अखिमला यातलं काही लिहू नकोस. त्याच्या डोक्याला आधीच कमी ताप नाही.

गिंटर

ग्लिवित्से
शुक्रवार, २४ नोव्हेंबर

मामा,

या वेळी तुम्ही ‘देव पाठीशी असो’ लिहायला विसरलात. तुम्ही ते कधी विसरत नाही. वीजबिलाच्या कार्यालयालासुद्धा तुम्ही तसं लिहिता. त्यावरूनच मला कळलं, तुम्हाला काहीतरी माहीत आहे.

थर्मामीटर बदलून पाहिले. सगळे नवे बसवले. तेच सांगतात. विटा काढून तपासल्या, त्या ठीक आहेत. मग तुमचे ते जुने बंद भाग घेतले. मामा, जुने भाग रविवारी चर्चला जातात का? कारण दर रविवारी, भिंतीवर कोळसा कापत नाहीत त्या दिवशी, माझी भट्टी आणि तुमचे सेन्सर अगदी एक सांगतात. सोमवारी यंत्र पुन्हा कापायला लागलं की भट्टी तापते आणि सेन्सर मात्र जागचा हलत नाही. गॅस जुन्या भागातून येत असता तर रविवारीही आला असता. तुमच्या साहेबांना सांगा, थाप मारायची तर आठवड्याच्या सातही दिवसांना पुरेल अशी मारावी.

हे सगळं चार नोव्हेंबरच्या दुसऱ्या पाळीपासून सुरू झालं. तोवर फरक नव्हता. त्या पाळीत भिंतीच्या टोकाचा सेन्सर एकदम शांत झाला. असं आपोआप होत नाही. कोणीतरी दाबाच्या हवेची नळी त्याच्या तोंडाशी बांधली. आता तो बिचारा नळीतली ताजी हवा हुंगतो आणि सगळं ठीक आहे म्हणतो. गॅस वाढला तर वीज आपोआप तुटायला हवी, ती तुटतच नाही. यंत्र कापत राहतं, दगडाला त्याचे दात लागून ठिणग्या उडत राहतात, आणि चाळीस माणसं त्या हवेत काम करतात.

बाबा गेले तेव्हाचं न्हाणीघर मला आठवतं, मामा. मी नऊ वर्षांची होते. पाळीला उतरताना माणसं कपडे हुकाला लावतात, साखळीने छताला ओढतात, कुलूप लावतात आणि किल्ली गळ्यात घालून खाली जातात. त्या दिवशी छताला बाबांचा कोट लटकत होता. किल्ली त्यांच्याबरोबर खाली होती. तुम्ही करवत आणून साखळी कापलीत आणि कोट आईच्या हातात दिलात. त्यात त्यांनी पाळी सुटल्यावर खायला ठेवलेलं सफरचंद होतं.

ही भट्टी मी हौसेने नाही बांधली.

खाण निरीक्षकांना पत्र लिहून पाकिटात घातलं आहे. टेबलावर आहे. सणाचे दिवस जाऊ देते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बार्बोराच्या दिवशी घराण्याचं नाक कापलं. सण झाल्यावर बुधवारी ते पेटीत जाईल. त्याआधी ज्याने नळी बांधली त्याने ती सोडावी.

साबिना

क्लेमेन्स वसाहत
सोमवार, २७ नोव्हेंबर

साबिना,

मी बांधली. चार तारखेला, दुसऱ्या पाळीला, मीच. कोणाला विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. आता पाकीट पाठव, मामाला तुरुंगात टाक आणि सुखाने झोप.

कबुतरांचं बघ.

गिंटर

ग्लिवित्से
बुधवार, २९ नोव्हेंबर

मामा,

खोटं बोलायचं तर आधी आपलीच पत्रं आठवावीत.

चार तारखेला, शनिवारी, तुम्ही रजा टाकून सबंध दिवस कबुतरांच्या प्रदर्शनात होतात. निळ्या मादीला लाल फीत मिळाली. शेजारचा पांढरा मरतुकडा होता. हे सगळं मला तुम्हीच लिहिलंत! आणि त्याच पत्रात पुढे: अखिम येणार होता, पण त्याची दुसरी पाळी लागली.

पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यावर, की तुमच्यावर, मला अजून ठरवता आलेलं नाही. मुकादम होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच माझ्या भावाने चाळीस माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. आणि तुम्हाला ते कळलं. कधी कळलं? माझ्या पहिल्या पत्रानंतर खाली जाऊन पाहिलंत ना? नळी पाहिली असेल, तारेची गाठ पाहिली असेल, आणि लगेच ओळखली असेल, कारण त्याला एकच गाठ येते, तुम्हीच शिकवलेली, कबुतरांच्या खुराड्याचं दार बांधायला. मग वर आलात आणि मला जुन्या भागांची गोष्ट लिहिलीत.

तुम्ही लहानपणापासून त्याला पाठीशी घालत आलात. खिडकीची काच फोडली, मी फोडली म्हणालात. शाळेतून पळाला, मीच बोलावलं म्हणालात. तेव्हा चालून गेलं. आता तुम्ही त्याला पाठीशी घालत नाही, मामा, तुम्ही त्याला पुरताय! तुमच्या खोट्या कबुलीने गॅस कमी होणार आहे का? कोळसा काढून भिंतीमागे जी पोकळी राहते तिचं छत एकदा बसलं की तिथला सगळा गॅस पुढे येईल, आणि तेव्हा तो विचारणार नाही की नळी मामाने बांधली का भाच्याने.

पाकिटात नाव कोणाचं घालू ते तुम्हीच सांगा. मला हे लिहायला लावलंत, याचा राग मला मरेपर्यंत राहील.

मी सणाला येणार नाही.

साबिना

क्लेमेन्स वसाहत
शनिवार, २ डिसेंबर

साबिना,

मामाने तुझी पत्रं माझ्यासमोर टाकली. सगळी. म्हणाला, वाच आणि तुझ्या बहिणीला तूच उत्तर दे, माझ्याकडची खोटी उत्तरं संपली.

तर घे खरं. हो, मी बांधली. आणि तू म्हणतेस म्हणून सोडणार नाही.

तुला वाटतं, मी हौसेने केलं? तो सेन्सर दर पाळीला किंचाळायचा. वीज जायची. यंत्र थांबायचं. चाळीस माणसं दगडावर बसून पाव खायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. वर आलो की साहेब विचारायचा, “आज पुन्हा थांबलात, अखिम?” बस, एवढंच. नळी लाव असं तो कधी म्हणाला नाही, आणि म्हणणारही नाही, तेवढा तो हुशार आहे. तुझ्या कागदात त्याचं नाव येणार नाही. माझं येईल.

आणि भिंत थांबवून ठेवणं म्हणजे सुरक्षित, असं तुला ग्लिवित्सेत बसून वाटतं. थांबलेल्या भिंतीवर छत बसायला लागतं. कोळसा आतल्या आत तापतो. पुढे सरकत राहणं हाच तिथे जगायचा मार्ग आहे. हे पुस्तकात नसेल, पण आमच्या पाठीवर लिहिलेलं आहे.

तू आमच्या पायाखालचा गॅस वर बसून मोजतेस. आमच्याच गॅसवर तुझी भट्टी चालते, त्यावर तू भाषणं देतेस, टाळ्या घेतेस. गॅस संपला तर तुझं काय? ते एकदा लिही.

आणि बाबांना यात आणू नकोस. तू नऊ वर्षांची होतीस, तुला सफरचंद आठवतं. मी चार वर्षांचा होतो. मला त्यांचा चेहरासुद्धा आठवत नाही. फक्त करवतीचा आवाज आठवतो. तो आवाज घेऊन मी रोज त्याच न्हाणीघरात कपडे काढतो. तू इथून निघून गेलीस. मी गेलो नाही. तेव्हा धीट कोण आणि भित्रं कोण, हे मला शिकवू नकोस.

पाठव पाकीट. आणि मग येऊन माझ्या पोरीला सांग, तिचा बाप कुठे गेला.

अखिम

क्लेमेन्स वसाहत
मंगळवार, ५ डिसेंबर, रात्री

साबिना पोरी,

देव पाठीशी असो. आज होता. कसा, ते ऐक.

काल सण झाला. पहाटे बँड वाजवत वसाहतीतून फिरला, मी खाणकामगाराची पिसांची टोपी घालून दारात उभा राहिलो. चर्चमध्ये अखिम माझ्या शेजारी होता, पण मधे एका माणसाची जागा ठेवून. जेवायला आला नाही. बटाट्याच्या गोळ्यांचा लगदा झाला, मी एकट्याने खाल्ला.

आज पहिल्या पाळीला मी गॅस मोजायचं हातातलं मापक घेऊन नव्या भिंतीवर गेलो. यंत्र कापत होतं. टोकाला, सेन्सरपाशी, नळी तशीच होती, माझ्याच गाठीने बांधलेली. मी पक्कड काढली. अखिम धावत आला.

“मामा, हात लावू नका.”

“बाजूला हो.”

“आज लावलात तर पोरं तुम्हाला फाडून खातील. मी थांबवणार नाही त्यांना.”

“फाडू देत. म्हातारं मांस आहे, दात पडतील त्यांचे.”

त्याने माझं मनगट धरलं. तुला माहीत आहे, तो माझ्यापेक्षा डोकंभर उंच आहे. मी म्हटलं, “अखिम, तुझ्या बापाची साखळी मी कापली. तुझी कापायला मला लावू नकोस. एवढं मी करणार नाही. त्यापेक्षा इथेच, आत्ता, मार मला.” त्याने मनगट सोडलं नाही, पण पकड ढिली झाली. तेवढ्यात मी तार तोडली.

नळी सापासारखी उडाली आणि सेन्सर किंचाळायला लागला. वीज गेली. यंत्र थांबलं. टोप्यांवरचे दिवे तेवढे राहिले, आणि सगळे माझ्या तोंडावर.

मग काय ऐकलं ते लिहीत नाही, तू बाईमाणूस आहेस. थोडं लिहितो. “गिंटर, भाचीने पगार बांधून दिला का रे?” “आज संध्याकाळी तुझ्या कबुतरांचं सूप!” एकाने माझी पिशवी लाथेने उडवली. तीस वर्षं माझ्याबरोबर पाव वाटून खाल्लेला माणूस माझ्या पायावर थुंकला. मी मापक अखिमच्या डोळ्यांसमोर धरलं. आकडा चढत होता. चढतच होता. तो बघत राहिला. मग वळून ओरडला, “सगळे बाहेर! हत्यारं टाका, चला!” त्याचा आवाज फाटला होता. पोरं शिव्या देतच निघाली.

शाफ्टच्या वाटेवर अर्ध्यावर आलो असू, तेव्हा मागे खूप लांबून दणका बसला. पायाखाली जमीन हलली आणि पाठीवर वारा आला, धुळीचा, गरम. भिंतीमागचं छत बसलं होतं. असं होत असतं, म्हणून सगळे चालत राहिले. मला वाटलं, यांना कळलंच नाही. वर जाऊन हे मला वसाहतीत तोंड दाखवू देणार नाहीत.

वर आलो. कपडे उतरवले. न्हाणीघरात शिरतो तर रुफिन दारात आडवा.

“आत जाऊ नका रे! नळ वेडे झालेत!”

आत पांढरी वाफ. काही दिसेना. भिंतीतले पाइप कोणी आतून हातोडा मारावा तसे ठणठणत होते. पहिल्या पोराने नळ सोडला आणि किंचाळून मागे उडी मारली. दुसऱ्याने थंड पूर्ण सोडलं, तरी हात धरवेना. रुफिन तोट्या फिरवत होता, काही होईना. तुझी भट्टी पोरी, तुझी ती भट्टी तिकडे शाफ्टवर जळत होती, आणि आम्ही मागे सोडून आलो होतो ते सगळं जाळत होती. जेवढं तिला जाळता आलं तेवढं.

पोरं दारापाशी उभी राहिली. कोळशाने काळी, उघडी, हात छातीवर घट्ट बांधून. कोणी पुढे जाईना, कोणी मागे जाईना. सगळे त्या पाण्याकडे बघत होते. वाफ छताला लागून थेंबाथेंबाने खाली पडत होती. आठवड्यापूर्वी याच पाण्याला झकास म्हणत होते.

ज्याने माझ्या पिशवीला लाथ मारली होती तो हळूच म्हणाला, “हे... हे सगळं आपल्या मागे होतं?”

अखिम पुढे गेला. मी म्हटलं, नको. त्याने हात नळाखाली धरला. लगेच काढला नाही. मी ओढून काढला तेव्हा हात लाल झाला होता. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि मी वाजवली. सगळ्यांसमोर. मग आम्ही दोघं तिथे ओल्या फरशीवर बसलो.

आज कोणीच अंघोळ केली नाही. काळ्या तोंडांनी घरी गेले. बर्फ पडत होता. वसाहतीतल्या बायका धावत दारात आल्या, कारण न धुतलेलं तोंड घेऊन कोणी आलं की मागोमाग काय बातमी येते ते त्यांना ठाऊक आहे. आपापला माणूस ओळखला की ओरडत होत्या, “मेल्या, अंघोळ तरी करायचीस!” आणि मग रडत होत्या.

मी सगळ्यात शेवटी निघालो. निघताना न्हाणीघरात मान वर करून पाहिलं. छताला एकही कोट नव्हता. सगळे हुक खाली.

आत्ता अखिम येऊन गेला. हाताला पट्टी. खुराड्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, “साबिनाला लिहा. पाकीट पाठव म्हणावं. नाव माझं घाल.” मी म्हटलं, गप्प बस, मी निस्तरतो, मी सांगेन मी बांधली, मला काय, पेन्शनला आलेला माणूस. त्यावर तो असा ओरडला की कबुतरं फडफडली. “पुरे, मामा! आज माझे कपडे मी माझ्या किल्लीने खाली काढले. आता मला तुमच्या पाठीमागे लपवू नका.”

मी त्याला चिक्कार शिव्या घातल्या. त्याच्यावर राग आहे, त्या ‘आज पुन्हा थांबलात’ विचारणाऱ्या साहेबावर आहे, तुझ्यावरही आहे, कारण तू बरोबर होतीस आणि ते इतक्या तोऱ्यात लिहिलंस. पेन शोधून, चार पानं लिहूनही तो निम्मा झालेला नाही.

उद्या बुधवार. पाकीट टाक. साहेबाने काय विचारलं तेही त्यात लिही, शब्दाला शब्द. नाव अखिमचं घाल. आणि त्याच्याखाली माझं, कारण मला माहीत होतं.

तुझा मामा,
गिंटर